चिखल न लागलेलं पान

भूमापन कचेरीत नोकरीला लागून त्याला तीन महिनेही झाले नव्हते, तेव्हाच त्याला ‘तंतोतंत’ हे नाव पडलं. झालं असं, की एक दिवस जेवणाच्या सुट्टीत त्यानं साहेबांचं टेबल मोजलं आणि सामानाच्या यादीत लिहिलंय त्यापेक्षा ते अर्धा इंच आखूड आहे, हे साहेबांना जाऊन सांगितलं. साहेबांनी टेबलाकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाले, “बरं, तंतोतंत.” तेवढं पुरलं. पुढे चौतीस वर्षं त्याला कचेरीत कोणी दुसऱ्या नावानं हाक मारली नाही. घरी बायकोसुद्धा चिडली की हेच नाव घ्यायची. लग्नानंतर तिनं पडदे शिवायला काढले तेव्हा त्यानं खिडकी तीनदा मोजली आणि तिन्ही वेळा माप एकच आलं म्हणून खूश होऊन बसला. तिनं तोवर नजरेच्या अंदाजानं कापड कापून एक पडदा शिवूनही टाकला होता. तो बरोबर बसला, हे त्याला मुळीच आवडलं नाही.

अशा माणसाची टिंगल करणं सोपं असतं आणि कचेरीनं ती पोटभर केली. पण काम अडलं की सगळे त्याच्याकडेच यायचे. दोन शेजाऱ्यांची कुंपणावरून डोकी फुटायची वेळ आली, तरी “तंतोतंतनं मोजलंय” म्हटलं की दोघेही मुकाट घरी जात. तो निवृत्त झाला तेव्हा त्याची एक मोजणीवही, म्हणजे जागेवर उभं राहून आकडे टिपायची वही, कचेरीच्या मोठ्या दालनात काचेच्या कपाटात ठेवण्यात आली. शेजारी चिठ्ठी: ‘नव्या मोजणीदारांनी वही अशी ठेवावी.’ समारंभात टाळ्या झाल्या. तो मान खाली घालून उभा राहिला आणि लोक म्हणाले, काय हा नम्रपणा.

नम्रपणा कसला आलाय. त्या वहीतलं एक पान खोटं होतं, आणि ते जगात एकट्या त्यालाच माहीत होतं. निवृत्तीनंतर कचेरीत कधी काम निघालं तर तो मागच्या जिन्यानं जायचा, कारण पुढून गेलं की ते कपाट लागायचं.

खोटं पान होतं पाणथळीचं. वस्तीच्या खालच्या अंगाला ती पाणथळ होती. वर्षातले चार महिने पाण्यानं भरलेली, चार महिने चिखलाची आणि उरलेले चार महिने वरून इतकी कोरडी की परक्या माणसाला वाटावं, ही नुसती ओसाड जागा आहे. तंतोतंत परका नव्हता. तो तिच्या काठावरच जन्मला होता. त्याची आई आणि त्याच्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी असलेली बहीण, आक्का, त्या पाणथळीतली लव्हाळी कापून चटया विणायच्या. काठावरची चाळीसेक घरं हेच करायची.

या बायकांचे नियम कुठे लिहिलेले नव्हते, पण कोणी मोडत नसे. विळा पाण्याच्या वर चार बोटं चालवायचा. पाण्याखाली कापलं की बुडख्यात पाणी शिरून ते सडतं. दर वर्षी तिसरा हिस्सा न कापता सोडायचा, कारण पाणकोंबड्या तिथे अंडी घालतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे गाठी. पाणी सगळ्यात जास्त चढतं त्या आठवड्यात सगळ्या बायका मिळून पूर्ण कडेनं एक फेरी मारायच्या आणि जिथे जिथे पाणी टेकलेलं दिसेल तिथल्या उभ्या लव्हाळ्याला गाठ मारायच्या. मग पाणी खुशाल ओसरू दे, लव्हाळी वाळून पिवळी होऊ देत, गाठी वर्षभर तशाच उभ्या असत. गाठींच्या आत खणायचं नाही, गुरं सोडायची नाहीत, कचरा टाकायचा नाही. लहानपणी त्यानं आईला एकदा विचारलं होतं, “पाणी तर गेलंय, मग आता आत काय आहे?” आई म्हणाली होती, “गेलंय म्हणजे गेलं नाही रे, खाली उतरलंय. पुढच्या चार महिन्यांत विहिरींना कोण पाजणार मग?”

गाठ मारायला त्याला आईनंच शिकवलं होतं. दोन काड्या एकमेकींवरून, खालून, आणि पुन्हा वरून. पण चिखलाचा वास काही त्यानं आपला मानला नाही. तो वास पायांना चिकटतो, नखांत बसतो, वह्यांनासुद्धा येतो. शाळेत निघण्याआधी तो टाचा दगडानं घासघासून लाल करायचा. कोणी विचारलं तर सांगायचा, आमचा चटयांचा व्यापार आहे. व्यापार! आक्का हे ऐकून हसून हसून वाकली होती. ती रागावली असती तर बरं झालं असतं, असं त्याला म्हातारपणी वाटायचं.

त्याला शिकवलं ते आक्काच्या चटयांनी. हे त्याला माहीत होतं आणि तो ते नाकारतही नसे. फक्त आपणहून कधी सांगत नसे.

आता तो दिवस. नोकरीची वीस वर्षं झाली होती, नुकतीच बढती मिळाली होती आणि आठवड्यापूर्वीच त्यानं नवे बूट घेतले होते, तपकिरी, चकचकीत. पाणथळीची हद्द कागदावर आणायची होती. दिवस ऐन उन्हाळ्याचे. मध्यभागी तेवढा ओला चिखल उरला होता, बाकी सगळीकडे पिवळी लव्हाळी. बरोबर मोठे साहेब होते आणि पट्टी धरणारा एक वयस्कर माणूस होता. पाणथळीच्या मोजणीचा नियम तंतोतंत स्वतःच नव्या लोकांना शिकवायचा: पाणी आज कुठे आहे ते बघायचं नाही, भरल्या वेळी कुठवर येतं त्याची खूण शोधायची आणि त्या खुणेनं पायी पूर्ण फेरी मारायची. आणि खूण तर समोरच होती. बांधावर दुर्बिणीची तिपाई लावता लावता त्याला गाठी दिसल्या. दूरवर वळत गेलेल्या, माणसाच्या गुडघ्याएवढ्या उंचीवर, शेकडो.

मोठ्या साहेबांनी रुमाल नाकाला लावला. “या बायका दिवसभर इथे राहतात कशा कोण जाणे. वास बघा केवढा.”

“हो ना, साहेब,” तंतोतंत म्हणाला.

एवढंच म्हणाला. तीन शब्द. ते तीन शब्द पुढे सोळा-सतरा वर्षं त्याच्या घशात अडकून होते.

त्यानं दुर्बिणीला डोळा लावला. तेव्हाच्या त्या जुन्या दुर्बिणीतून सगळं उलटं दिसायचं. पट्टीवरचे आकडे उलटे, झाडं उलटी, माणसं डोक्यावर उभी. मोजणीदाराला त्याची इतकी सवय होते की तो उलटे आकडे सुलट्यासारखे झरझर वाचतो. पट्टीवाला काठाकाठानं पुढे सरकत होता आणि तंतोतंत आकडे टिपत होता. बारा ठिकाणं झाली. तेराव्या वेळी दुर्बीण फिरवली आणि काचेत आक्का आली.

डोकं खाली, पाय आभाळात. कंबरेला विळा खोचलेला, घोट्यांपर्यंत चिखल. ती त्याच्याकडेच बघत होती आणि हात हलवत होती. जोरजोरात, सारखा. ये, ये, असा. दुर्बिणीतून ती इतकी जवळ आली होती की तिच्या कपाळावरचा घाम दिसत होता.

मागे साहेब उभे. आता ही हाक मारणार, आता ही चिखलाच्या पायांनी बांधावर येणार आणि ‘माझा भाऊ’ म्हणणार. त्यानं तिपाईचा स्क्रू सैल केला आणि दुर्बिणीचं तोंड हळूच दुसरीकडे वळवलं. अगदी सावकाश, जसं काही तिकडचंच काम निघालं होतं. मग पट्टीवाल्याला म्हणाला, “तुम्ही बसा सावलीत. पुढचं मी बघतो.”

पुढचं त्यानं सावलीत बसूनच बघितलं. एकसष्ट ठिकाणांचे आकडे हवे होते. बारा खरे होते, उरलेले एकोणपन्नास त्यानं बांधावरून नजरेनं घेतले. ज्या माणसानं बायकोच्या पडद्यालाही नजर चालू दिली नव्हती त्यानं. हद्द त्या दिवशीच्या चिखलाला धरून काढली. गाठींपासून चिखलापर्यंतचा सगळा पट्टा, म्हणजे पाणथळीचा दोन तृतीयांश भाग, त्यानं एका शब्दात मिटवला: पडीक.

कचेरीत ते आकडे नकाशावर उतरवायचं काम आरेखकाचं होतं. कमी बोलणारा, जाड भिंगांचा, बोटांना कायम शाई लागलेला माणूस. त्यानं पान बराच वेळ बघितलं. “एकही खाडाखोड नाही,” तो म्हणाला. “तब्येत बरी होती ना त्या दिवशी?”

“चांगली होती.”

“मग ठीक,” म्हणून त्यानं रेघ ओढली.

चौदा वर्षं काहीच झालं नाही. कागदावरची रेघ कागदावर राहिली, बायका गाठी मारत राहिल्या. तंतोतंतला वाटलं, पचलं. मग तो निवृत्त झाला आणि त्याच वर्षी कोणीतरी कागद उघडला. पडीक जागेवर गोदामं बांधायची ठरली आणि भरावाच्या गाड्या सुरू झाल्या. पहिल्या वर्षी एक कोपरा भरला गेला, गाठींसकट. त्या वर्षी खालच्या आळीतल्या दोन विहिरी उन्हाळा संपायच्या आत आटल्या. आणि पाणी चढायच्या दिवसांत, जे पाणी आजवर पाणथळीत जाऊन निवांत पडायचं, त्याला जागा उरली नाही म्हणून ते घरांत आलं. तंतोतंतच्या घरातही आलं. बायको खुर्चीवर पाय घेऊन बसली होती आणि हा टेप घेऊन स्वयंपाकघरातलं पाणी मोजत होता.

“नऊ इंच,” तो म्हणाला.

“मग? साडेआठ असतं तर डबे वाचले असते का?” बायको म्हणाली. “आयुष्यात पहिल्यांदा घरात पाणी बघतेय मी. इतकी वर्षं कुठे जात होतं हे?”

त्यानं टेप गुंडाळला. ते पाणी कुठे जात होतं, हे त्याच्याइतकं नेमकं कोण सांगू शकलं असतं?

तिसऱ्या वर्षी उरलेली जागा भरायची परवानगी मागितली गेली आणि काठावरच्या घरांनी हरकत घेतली. त्या हरकतीच्या पुढे होती आक्का. सत्तरी जवळ आलेली, गुडघे कुरकुरणारे, पण आवाज खणखणीत. सुनावणीच्या आठ दिवस आधी ती त्याच्या घरी आली. दारातच तिनं चपला काढल्या, पाय पुसले, पुन्हा पुसले. तो बघत होता. ती त्याच्या घरी नेहमी असेच दोनदा पाय पुसायची आणि त्यानं आजवर एकदाही ‘असू दे गं’ म्हटलं नव्हतं.

“वन्सं, बसा तरी,” बायको म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली.

“तुला फार त्रास द्यायचा नाही,” आक्का म्हणाली. “नुसता ये आणि एवढंच सांग, की मी मोजलं तेव्हा गाठींपर्यंत मोजलं होतं. नंतर कचेरीत कोणीतरी रेघ सरकवली. आम्ही सगळ्यांनी तसंच लिहून दिलंय.”

“कोणी सरकवली?”

“तुमचा तो नकाशे काढणारा. दुसरं कोण? तुझ्या वहीत चूक असेल हे तर होणार नाही. मी सगळ्यांना तेच सांगते. माझा भाऊ जन्मात कधी बोटभर चुकला नाही.”

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आरेखक दोन गल्ल्या पलीकडेच राहायचा. गेलं वर्षभर त्याच्याशी कोणी धड बोलत नाही, दुकानात तो आला की बायका बाजूला सरकतात, हे तंतोतंतनं डोळ्यांनी बघितलं होतं. त्या माणसानंही कोणाला काही खुलासा केला नव्हता. एकदा रस्त्यात दोघे समोरासमोर आले तेव्हा आरेखकानं नुसती मान हलवली होती आणि तंतोतंत चपलेचा पट्टा बघायला खाली वाकला होता.

“त्या दिवशी मी होते रे आत,” आक्का चहा पिता पिता म्हणाली. “हात केला होता तुला. तुला दिसलं नसेल. ऊन होतं डोळ्यांवर.”

“हो,” तो म्हणाला. “ऊन होतं.”

ऊन पाठीमागून होतं. मोजणीदार उन्हाकडे तोंड करून दुर्बीण लावतच नाही.

सुनावणी कचेरीच्या मोठ्या दालनातच होती, त्याच काचेच्या कपाटासमोर. एका बाजूला गोदामवाल्यांचा वकील, दुसऱ्या बाजूला काठावरच्या बायका, अंघोळी करून, धुतलेले कपडे घालून, तरीही खुर्चीच्या कडेवर बसलेल्या. अधिकारी बाई तरुण होत्या आणि त्यांना घाई नव्हती. वकिलानं आधी आरेखकालाच उभं केलं. तो म्हातारा काठी टेकत पुढे आला आणि म्हणाला, “वहीत जे आकडे होते तेच मी उतरवले.” मागून कोणीतरी तोंडातल्या तोंडात शिवी हासडली. आरेखकानं ती ऐकली, भिंगं पुसली आणि जाऊन बसला.

वकील खूश होता. त्यानं कपाटाकडे बोट केलं. “बाई, ही ती वही. कचेरी स्वतः जिला आदर्श मानते. आणि हे ज्यांनी ती लिहिली. यांनाच विचारा, वही खरी की गवताच्या गाठी?”

तंतोतंत उठला. आठ दिवस त्यानं एक वाक्य घोकलं होतं: वेळेअभावी प्रत्यक्ष फेरी पूर्ण होऊ शकली नाही. सभ्य वाक्य. सरकारी वाक्य. त्यात कोणाची लाज जात नव्हती. ते आता जिभेवर होतं. त्यानं आक्काकडे बघितलं. ती शेजारणीच्या कानात काहीतरी सांगत होती आणि तिच्या चेहऱ्यावर इतका सरळ अभिमान होता की ते वाक्य जिभेवरून खाली उतरलं ते पुन्हा वर आलंच नाही.

“कपाट उघडायला सांगा,” तो म्हणाला.

वही आली. त्यानं पानं उलटायला सुरुवात केली आणि अधिकारी बाईंसमोर धरली. “हे बघा. या पानावर घामाचा डाग. इथे आकडा खोडलाय, पुन्हा घेतलाय. इथे चिखलाचा अंगठा. हे ओढ्याचं काम, पान फुगलंय. जागेवर लिहिलेली वही अशीच असते, मळकी. आणि हे पाणथळीचं पान.” त्यानं ते उघडून ठेवलं. “एकही डाग नाही. चिखलातल्या मोजणीचं पान आहे हे, आणि त्याला चिखल लागलेला नाही. यातले पहिले बारा आकडे खरे आहेत. बाकीचे मी सावलीत बसून लिहिले. कोणी रेघ सरकवली नाही. आरेखकांनी काही केलं नाही. मी आत गेलोच नव्हतो.”

वकिलानं वही स्वतःकडे ओढून ते पान उजेडात धरलं.

“का गेला नाहीत?” अधिकारी बाईंनी विचारलं.

तो बोलायच्या आत आक्का उभी राहिली. “बाई, त्या दिवशी गाळ फार होता. त्याला जाताच आलं नसतं. कोणालाच आलं नसतं.”

ती त्याला वाचवायला खोटं बोलत होती. एवढ्या लोकांत, आणि तेही त्याच्या तोंडून हे सगळं ऐकल्यानंतर. त्याला वाटलं, आता इथे जमीन फाटली तर बरं.

“गाळ घोट्याएवढा होता,” तो म्हणाला. आवाज फाटला, त्यानं तो सावरायचा प्रयत्नही केला नाही. “ती आत उभी होती. ती माझी सख्खी बहीण आहे. तिनं मला हात केला, बोलावलं. माझ्या डोळ्यांवर ऊन नव्हतं, मला स्वच्छ दिसली ती. साहेब मागे उभे होते, म्हणून मी दुर्बीण फिरवली. मला तिची लाज वाटली. त्या चिखलाची लाज वाटली. दुसरं कारण नाही.”

अधिकारी बाईंनी लिहून घेतलं. नंतर आणखी प्रश्न झाले, वकील बराच वेळ बोलला, पण ते सगळं त्याच्या कानांवरून गेलं. शेवटी ठरलं ते असं: भराव बंद, पाणी चढल्यावर नव्यानं मोजणी, आणि वही कपाटातून काढून कागदपत्रांत जमा. बायका उठल्या. त्यांच्या बाजूनं निकाल लागला होता, तरी कोणी हसलं नाही, कोणी त्याच्याकडे बघितलंही नाही. आरेखक जाता जाता त्याच्याजवळ थांबला. भिंगं पुसून त्यानं पुन्हा डोळ्यांवर चढवली आणि काठी टेकत निघून गेला. आक्का सगळ्यांच्या मागून गेली. तिनं वळून पाहिलं नाही.

त्यानंतर तीन महिने ती त्याच्या घरी आली नाही. तो तिच्या दारापर्यंत दोनदा गेला आणि दोन्ही वेळा परत फिरला. ओळखीचे लोक रस्त्यात दिसले की त्याच्या आधी तेच नजर फिरवायचे. ‘तंतोतंत’ म्हणणं सगळ्यांनी बंद केलं होतं आणि दुसरं काय म्हणावं हे कोणाला सुचत नव्हतं. सुनावणीनंतर तिसऱ्या दिवशी बायको ताट वाढता वाढता म्हणाली, “वन्सं आपल्या घरात दोनदा पाय पुसतात ना, ते मला कधी आवडलं नाही. मीही बोलले नाही. जेवा आता.”

मग पाणी चढलं. नव्या मोजणीला एक तरुण मुलगी आली होती, तिच्या यंत्रात काहीच उलटं दिसत नव्हतं. काठावर सगळ्या बायका जमल्या होत्या, कारण गाठी मारायचा आठवडा तोच होता. तंतोतंतला कोणी बोलावलं नव्हतं. तो गेला, बांधावर त्याच जागी उभा राहिला आणि चपला काढून हातात घेतल्या. समोर पाणी होतं, लव्हाळी हिरवीगार, आणि त्यांच्यातून आक्का त्याच्याकडे येत होती. गुडघ्यापर्यंत पाण्यात, हातातल्या काठीनं तळ चाचपत, सावकाश.

चार हातांवर येऊन ती थांबली. तिनं काठी पुढच्या पाण्यात घातली. काठी खाली गेली, गेली आणि तिच्या कंबरेएवढी आत गेली.

“बघितलंस?” ती म्हणाली. “हे भोक आहे. आधीपासून आहे. वरून कोरडं दिसतं उन्हाळ्यात, पापुद्रा धरतो. पाय टाकला की माणूस कंबरेपर्यंत आत. तू त्या दिवशी याच्याच तोंडाशी यंत्र लावून उभा होतास.”

तो वाकून पाण्यात बघू लागला.

“तू तिथे सगळ्यांसमोर सांगितलंस, मी तुला बोलावत होते म्हणून. मी कशाला बोलावेन रे तुला? तुझे साहेब मागे उभे होते, मला दिसत नव्हते का? मागे हो, मागे हो, असा करत होते मी हात. आता तुझा पाय पडतो की मग पडतो, असं झालं होतं मला. हाक मारावी तर साहेबांना कळेल तू कोणाचा ते. म्हणून नुसता हात केला.”

तिनं हात वर करून दाखवला. तळवा त्याच्याकडे, बोटं वर, पुढे ढकलल्यासारखा. मागे हो. त्यानं तो हात बघितला आणि मनातल्या मनात उलटा केला, डोकं खाली, पाय आभाळात. बोटं खाली आली, आणि मागे हो म्हणणारा हात ये, ये म्हणायला लागला. चौतीस वर्षं त्यानं त्या काचेतले आकडे एकदाही उलटे वाचले नव्हते.

“नवे बूट होते ना तुझे,” आक्का म्हणाली.

तो बांधावर खाली बसला, चपला हातातच होत्या. आक्कानं काठीचं दुसरं टोक त्याच्यासमोर धरलं.

“इकडून नको, डावीकडून ये. मी पाय टाकते तिथेच टाक.”

त्यानं टोक धरलं आणि तिनं जिथे पाय टाकला तिथे पाय टाकला. चिखल बोटांतून वर आला, गार, त्याच जुन्या वासाचा. पाणी टेकलं होतं त्या कडेपर्यंत दोघे गेले. आक्कानं एक लव्हाळं त्याच्या हातात दिलं आणि ती पुढच्या लव्हाळ्याकडे वळली. त्यानं दोन काड्या एकमेकींवरून घेतल्या, खालून घेतल्या आणि पुढचं त्याला आठवेना.